कडी लावेपर्यंत

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर

चि. अभि,

तुझा निरोप पोचला. तू चार ओळी एकदम कधी लिहीत नाहीस, म्हणून वाचायच्या आधी फोन देवापुढे ठेवला. वाईट काही असेल तर त्याने आधी बघावं. पण वाईट काही नव्हतं. तुझी लीना मराठी शिकते आहे आणि तिच्या पुण्याच्या बाईंना आपल्या घरातले आवाज हवे आहेत, एवढंच होतं. मी दोनदा वाचलं आणि मग तुळशीला पाणी घालून आले.

त्या बारीक अक्षरांवर बोट मारून लिहिणं मला जमत नाही. बोलून पाठवावं तर भिंतीपलीकडे तुझे आप्पा. म्हणून असं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवीन. हे मागच्या वर्षाच्या दिनदर्शिकेचं पान आहे, मागून कोरं असतं, टाकायचं कशाला. दुपारी ते झोपले की मी हिशेब लिहायला बसतेच. त्यांना वाटेल हिशेब चालला आहे.

तू लिहिलंस की लीनाला पुस्तकाबरोबरचे धडे ऐकून सगळं समजतं, पण मागच्या महिन्यात आपण बोलत होतो आणि मध्येच शेजारच्या विजयाबाई आल्या, तेव्हा आमचं दोघींचं बोलणं तिला एक अक्षर कळलं नाही आणि ती उठून गेली. मला वाटलं होतं पोरीला कंटाळा आला. रडायला गेली होती हे तू आत्ता सांगतोस.

आज पहिलं रेकॉर्डिंग पाठवते आहे. चांगली साडी नेसले, पंखा बंद केला, विजयाबाईंना सांगितलं की तासभर येऊ नका, आणि व्रताची कहाणी शांतपणे वाचली. एकही हिंदी शब्द आला नाही. पुण्याच्या बाईंपुढे आपली लाज नको.

तुझ्या आप्पांनी विचारलं, "कुणाशी बोलतेस?" म्हटलं, कहाणी वाचते. खोटं नव्हतं.

त्यांची तब्येत ठीक आहे. घसा तेवढा बसला आहे. सुंठ-गूळ चालू आहे.

तुझी आई


२३ नोव्हेंबर

चि. अभि,

लीनाच्या बाईंचा, सीमंतिनीबाईंचा, फोन आला होता. आवाजावरून तुझ्याच वयाच्या वाटल्या. मी पदर सावरून बसले, जसं काही त्या बघतच होत्या.

म्हणाल्या, "काकू, किती सुरेख वाचलंत. पण हे मला नको."

मला कानकोंडं झालं. म्हटलं, काही चुकलं का?

"चुकलं नाही म्हणूनच नको. हे लीनाला पहिल्या फटक्यात समजलं. तुम्ही विजयाबाईंशी अशा बोलता का?"

"छे, विजयाबाईंशी असं बोलले तर त्या विचारतील, तब्येत बरी आहे ना?"

त्या खूप हसल्या. मग मला समजावून सांगितलं. धड्यातली माणसं एकामागून एक बोलतात, कुणी कुणाला तोडत नाही, मागे कुकर वाजत नाही. अशी माणसं जगात कुठेच नसतात. पोरगी आजीच्या घरी आली तर तिला कुकरमधूनच ऐकायचं आहे. म्हणून जसं आहे तसं पाठवा, गोंगाटासकट. आधी चेहरे दिसतील असं चलचित्र, मग नुसता आवाज. पहिल्यांदा ऐकून तिने एवढंच सांगायचं की किती माणसं आहेत आणि भांडतायत की हसतायत. दुसऱ्यांदा ओळखीचं काय सापडतं ते. म्हणाल्या, नवी भाषा ऐकताना कान आधी नावं धरतो, बाकीचं हळूहळू सुटत जातं. मला पटलं. मेथी निवडताना आधी मुळं दिसतात, तसं.

मी म्हटलं, "पण आमचं बोलणं फार हिंदी असतं हो. तुमच्यासारखं नाही."

"लीनाची आजी ग्वाल्हेरची आहे ना? मग तिला ग्वाल्हेरचंच यायला पाहिजे."

तुला सांगते अभि, मॅट्रिक झाल्यापासून माझ्या मराठीला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. लग्नकार्यात पुण्याची मंडळी आली की आम्ही आपल्या गप्प बसायचो. "लाइट गेली," "सब्जी आणली" असं तोंडातून गेलं की त्या एकमेकींकडे बघायच्या.

तर आता फोन खिडकीत टांगून ठेवते, दोरीच्या पिशवीत. विजयाबाई म्हणाल्या, "काय हो विमलबाई, फोन वाळत घातला काय?" तेही गेलं लीनाकडे. उमाजी भाजीवाल्याचंही गेलं. मी म्हटलं, मेथी ताजी दिसत नाही, परवाच्या एकादशीचा उपास करून बसलेली दिसते. तो म्हणाला, "फिर तो पुण्यवान मेथी झाली काकी, दो जुडी लेके जाओ, घरात पुण्य राहील." सीमंतिनीबाईंनी कळवलं की लीना हे तीन दिवस ऐकत होती आणि चौथ्या दिवशी एकदम हसली.

एक गोष्ट लिहायची होती. या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या आप्पांचा आवाज नाही. मी त्यांना सांगितलं, लीना मराठी शिकते आहे. ते म्हणाले, "माझा आवाज त्यात घालू नकोस. पोरीचा गोंधळ होईल."

नऊ वर्षांपूर्वी हाच शब्द तू वापरला होतास. मी तुला दोष देत नाही. लीना तेव्हा तीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती, तुम्ही दोघं घाबरला होतात. दर रविवारी आप्पा पडद्यासमोर बसून तिला एकेक वस्तू दाखवायचे, हा तांब्या, हे लिंबू, ही माझी छत्री. आणि तू म्हणालास, "आप्पा, काही दिवस मराठी बंद ठेवा. इथले डॉक्टर म्हणतात एकच भाषा ठेवा, तिचा गोंधळ होतो." ते "बरं" म्हणाले, छत्री मिटली, आणि उठले. ते पुन्हा फोनवर आले नाहीत. ना तिच्याशी, ना तुझ्याशी. तू आधी विचारत होतास, मग विचारणं सोडलंस.

माणूस पाडव्याला देवळात पंचांग वाचायचा. लोक माधवगंजातून ऐकायला यायचे, त्या आवाजासाठी. त्याला तू म्हणालास की तुमच्या बोलण्याने गोंधळ होतो. एवढंच. पुढे लिहीत नाही.

संध्याकाळचं स्तोत्र तेवढं घ्यायला परवानगी दिली आहे. "ते काही माझं बोलणं नाही, देवाचं आहे." म्हणून आजपासून तेही पाठवते. स्तोत्र संपलं की मी जाऊन फोन बंद करते, उगाच जागा कशाला भरायची. फोन जुना आहे, सारखा म्हणतो जागा नाही. पाठवून झालं की मी सगळं पुसून टाकते.

तुझी आई


५ डिसेंबर

चि. अभि,

सुंठ-गूळ चालू आहे असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे, पण अर्धं.

दिवाळीच्या आधीपासून त्यांचा आवाज फाटत होता. मग गिळताना दुखायला लागलं. दिवाळीनंतर विजयाबाईंचा समरजीत त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, तुकडा काढून तपासायला दिला. घशात गाठ आहे आणि ती चांगली नाही. आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणतात. मानेला भोक ठेवतील, त्यातून श्वास घ्यायचा. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही.

ऑपरेशन तीस तारखेला.

ते डॉक्टरांना काय म्हणाले माहीत आहे? "त्याच्याआधी किती बोललेलं चालेल?" डॉक्टर म्हणाले, हवं तेवढं बोला बाबूजी, त्याने काही बिगडत नाही. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

मला सांगितलं आहे की अभिला कळवायचं नाही. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं थोडंच आहे.

तू ये, असं मी लिहीत नाही. तुझी नोकरी, हान्नाची नोकरी, मला समजतं. मला एकच पाहिजे. तीस तारखेच्या आधी त्यांनी तुमच्याशी बोलावं, आणि पोरीला ते कळावं. तू फोन कर. ते येणार नाहीत बहुतेक, तरी कर.

सीमंतिनीबाईंनाही सांगितलं, कारण धडे मध्येच अडले तर त्यांचं नुकसान व्हायला नको. त्या म्हणाल्या, "काकू, मला त्यांचं बोलणं पाहिजे. कसंही. आत्ताच्या बसलेल्या आवाजात. लीनाला त्या आवाजाची सवय व्हायला पाहिजे, नाहीतर ते बोलले तरी तिला लागणार नाही."

म्हटलं, ते स्तोत्राशिवाय काही देत नाहीत.

"स्तोत्र संस्कृत आहे, त्याचा ऐकायला उपयोग नाही. ते संपलं की तुम्ही लगेच बंद करता. तसं करू नका. संपल्यावर घरात जे होतं ते मला हवं आहे."

संपल्यावर काय होतं? काही नाही. ते दाराला कडी लावतात आणि मी पानं घेते. पण बाईंचा हट्ट आहे तर राहू दे चालू.

तुझी आई


१३ डिसेंबर

चि. अभि,

तू काल फोन केलास तो मी त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हाताने नको केलं. तू पलीकडून "आप्पा, आप्पा" म्हणत होतास. आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी तुला म्हटलं, ते झोपले आहेत. तुला खोटं कळलं असणार, दुपारी चारला कोण झोपतं.

मी रागावले त्यांच्यावर. म्हटलं, अजून किती ताणणार? ते म्हणाले, "मी कुठे ताणून राहिलो आहे?" आणि मफलर गुंडाळून बसले.

आता आवाज म्हणजे नुसती घरघर आहे. सकाळी थोडा बरा असतो, संध्याकाळी जातो. तरी स्तोत्र सोडत नाहीत. सवयीने माझा हात फोन बंदच करतो, पण काल मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे तो देवघरात चालू ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. खिचडी लागायला आली होती, म्हणून परत आलेच नाही. जेवणं झाल्यावर बघितलं तर अजून चालूच. तसंच पाठवून दिलं आणि पुसून टाकलं. न ऐकताच. काय ऐकायचं, माझंच घर.

थंडी फार पडली आहे. किल्ला सकाळी नऊपर्यंत दिसत नाही. गाड्या पाच-पाच तास उशिरा येतात म्हणे.

तुझी आई


१९ डिसेंबर

चि. अभि,



लीनाने ते ऐकून जे लिहिलं ते सीमंतिनीबाईंनी मला पाठवलं. तिने आपल्या हाताने लिहिलं आहे, वेड्यावाकड्या अक्षरात. मी त्याच क्रमाने उतरवते.

आजी भांडी करते. लांब. आजोबा देवाचं म्हणतात. संपलं. आजोबा चालतात. आजोबा थांबतात. आजोबा नाव म्हणतात. अभिराम. हान्ना. लीना. मग म्हणतात, चला, कडी लावा. दार.

खाली तिने बाईंना विचारलं आहे, माझं नाव का?

मी बाईंना म्हटलं, पोरीला भास झाला असेल. त्या म्हणाल्या, "काकू, मी स्वतः ऐकलं. तुम्ही ऐका." त्यांनी ते परत माझ्या फोनवर पाठवलं. मी विजयाबाईंच्या घरी जाऊन ऐकलं. माझ्या कढईचा आवाज आहे, बाहेर स्कूटर आहे, आणि त्यातून त्यांचा तो फाटका आवाज. तीन नावं. हान्नाचं ते "हन्ना" असं म्हणतात. नऊ वर्षांत माझ्यापुढे त्यांनी तुझ्या बायकोचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि इथे ते रोजच्यासारखं तोंडातून येतं आहे, अडखळत नाही.

विजयाबाई म्हणाल्या, "रडू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या." मग त्याच रडायला लागल्या.

तुला आठवतं का, तू लहान असताना स्तोत्र झालं की आप्पा उदबत्तीचा अंगारा तुझ्या कपाळाला लावायचे, मग माझ्या. आणि जो माणूस गावाला गेला असेल त्याचं नाव घेऊन अंगाऱ्याचं बोट दाराच्या चौकटीला. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. घरात नाही त्याची आठवण चौकटीने ठेवायची. तू शिकायला इंदूरला होतास तेव्हा रोज तुझ्या नावाचं बोट लागायचं, मोठ्याने. तू बाहेर देशी गेलास तेव्हाही. त्या रविवारनंतर ते थांबलं, असं मी धरून चालले होते, कारण मला नाव ऐकू येत नव्हतं. मी स्तोत्र संपलं की स्वयंपाकघरात जाते. ते मी जायची वाट बघत असणार.

आणि अभि, त्या चौकटीवर रोज सकाळी राखेचा डाग असतो. रोज. मला वाटायचं उदबत्ती हातात घेऊन जातात, झडते. मी ओल्या फडक्याने पुसून टाकते. सडा घालायच्या आधी पहिलं काम तेच. इतकी वर्षं.

घरात राहणाऱ्या माणसाला घरातलं ऐकू येत नाही. परक्या भाषेतून आलेली पोर, तिला नावाशिवाय काही धरताच येत नव्हतं, म्हणून तिने तेवढंच धरलं.

तू लिहिलंस, "आई, सुरुवातीपासूनचं सगळं परत पाठव." बाळा, माझ्याकडे काही नाही. मी रोज पुसत होते. आणि बाईंकडे जे आहे ते मी स्तोत्र संपताच बंद केलेलं आहे. नावं त्या एकाच दिवसाची आहेत, पुढे पुन्हा सवयीने मी लगेच बंदच करत होते.

नावं ऐकल्यापासून मी रोज फोन चालू ठेवते. पण आता मला स्वयंपाकघरात राहवत नाही, दाराआड उभी राहते. त्यांना चाहूल लागते. बोट चौकटीला लागतं, नुसते ओठ हलतात.

त्यांना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी आई


२९ डिसेंबर, इस्पितळातून

चि. अभि,

काल घरून बोललो तेव्हा तू लीनाच्या मागे, बाजूला उभा होतास, त्यामुळे तुला निम्मं दिसलं असेल. मी इकडून बघितलं ते लिहून ठेवते. उद्या मला आठवायला बळ असेल की नाही ठाऊक नाही.

सकाळी आवाज थोडा असतो म्हणून बाईंनीच सकाळची वेळ धरली होती. तुमच्याकडे तर पहाटच असेल. मी त्यांना सांगितलं नाही, फोन लागल्यावर नुसता त्यांच्यासमोर धरला. ते हात वर करणार, तेवढ्यात लीना म्हणाली,

"आजोबा, कडी लावली का?"

हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांना सगळं कळलं असणार. मास्तर माणूस, तीस वर्षं पोरांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखलेला.

मग म्हणाले, "आत्ता तर सकाळ आहे. आत्ता कडी उघडायची."

ती म्हणाली, "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. सावकाश नाही, तसंच. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हो. सकाळ. उघडायची." तो चेहरा तू बघायला हवा होतास. तिचा नाही, यांचा.

"तुला माझं समजतं?" त्यांनी विचारलं.

"थोडं. कुकर नाही म्हणून जास्त."

ते हसले, मग खोकला आला, मी पाणी दिलं. मला वाटलं संपलं. पण तिने तो विषय काढला जो तिने आधी तुझ्याकडून विचारून घेतला असणार. ती म्हणाली, "आजोबा, बाबा म्हणाले होते, काही दिवस मराठी बंद. ते दिवस झाले. आता मराठी चालते."

अभि, नऊ वर्षं मी समजत होते की माणूस रुसला आहे. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे रुसलेच नव्हते बहुतेक. तू काही दिवस म्हणाला होतास. ते दिवस संपले हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तू म्हणायचास, "आप्पांना दे." ते पोरीसाठी थांबले होते आणि तू स्वतःसाठी बोलावत होतास. मीही मध्ये उभी राहून रुसवा रुसवा करत राहिले. आता कुणाचं किती ते वाटत बसायला वेळ नाही.

ते म्हणाले, "चालते ना? बरं झालं." मग टेबलावर हात फिरवला, लिंबू सापडलं, ते उचलून पडद्यासमोर धरलं. "हे काय?"

"लिंबू."

"आणि ती कोपऱ्यातली?"

"छत्री. आजोबांची."

लीना म्हणाली, "बाबा इथे आहेत. देऊ?"

मी देवाचं नाव घेत होते. शेवटी ते म्हणाले, "नको. तूच सांग त्याला. म्हणावं, येशील तेव्हा दिल्लीहून रात्रीची गाडी धरू नकोस. धुकं फार आहे, गाड्या रखडतात. सकाळची धर."

तिने मागे वळून तुला सांगितलं, तुझ्याच मराठीत, तू दोन हातांच्या अंतरावर उभा असताना: "आजोबा म्हणतात, रात्रीची गाडी नको. धुकं. सकाळची." धुकं हा शब्द तिला कुठून आला ठाऊक नाही. कदाचित उमाजीकडून.

तुझा आवाज ऐकू आला, "हो आप्पा." तेवढाच. त्यांनी मान हलवली. तू ती बघितलीस की नाही?

उद्या सकाळी नेतील. आत्ता ते झोपले आहेत. आज संध्याकाळी इथे आपली चौकट नव्हती, लोखंडी खाट होती. तिच्या दांड्याला बोट लावलं. मी बाहेर गेले होते, मुद्दाम.

तुझी आई


१४ जानेवारी, संक्रांत

चि. अभि,

घरी आलो. गाठ पूर्ण निघाली म्हणतात, पुढे किरणांचे शेक द्यायचे आहेत, मग कळेल. मानेवर जाळीचा रुमाल असतो. श्वासाचा एक वेगळाच आवाज येतो, फुंकणीतून आल्यासारखा. पहिल्या दिवशी मी घाबरले. आता तो नसला की घाबरते.

आज तिळगूळ द्यायला माणसं येत होती. ते प्रत्येकाच्या हातावर घालतात आणि ते दोन शब्द म्हणायला तोंड उघडतात. मग मिटतात. चौथ्या माणसानंतर आत जाऊन बसले. विजयाबाईंनी त्यांच्यासमोर बसून उगाच समरजीतला शिव्या दिल्या, तेव्हा थोडं हसले.

पाटी आणून दिली आहे, पण लिहीत नाहीत. सीमंतिनीबाई म्हणाल्या, घाई करू नका, ऐकणारा असला की माणूस कसंही बोलतो. लीना रोज त्यांना बोलून पाठवते. काय खाल्लं, शाळेत काय झालं, खिडकीत कोण पक्षी आला. मागे तुमची ट्राम वाजते, हान्ना काहीतरी विचारते, तूही एकदा खोकलास. ते कान लावून ऐकतात. किती माणसं आहेत ते बोटांनी मला दाखवतात. आता त्यांचा धडा चालू आहे.

ते एक रेकॉर्डिंग मी ठेवलं आहे. बाकी फोनमधले देवादिकांचे सगळे फोटो पुसून जागा केली. देव समजून घेईल.

संध्याकाळी स्तोत्र आता मी म्हणते. माझं त्यांच्यासारखं होत नाही, दोन ठिकाणी मी वळण चुकते, तेव्हा ते बोट वर करतात. मग अंगारा घेऊन आम्ही दोघं दाराशी जातो. पहिल्या दिवशी ते चौकटीशी उभे राहिले आणि वळून माझ्याकडे बघत राहिले. मला समजायला वेळ लागला. नावाशिवाय बोट लावायचं नव्हतं त्यांना. मी म्हटलं, अभिराम. बोट लावलं. हान्ना. बोट लावलं. लीना. मग कडीकडे हात केला आणि थांबले, म्हणून मी म्हटलं, चला, कडी लावा.

सकाळी मी आता चौकट पुसत नाही. सडा घालते, उंबरा धुते, तेवढी जागा सोडून.

तुझं तिकीट अठराचं आहे असं लिहिलंस. तू एकटाच येतोस, त्या दोघींची सुट्टी नाही, हेही समजलं. तू येशील आणि त्यांचा आवाज तुला ऐकायला मिळणार नाही. मला त्याचं काही करता येत नाही. तू समोर बस, ते श्वास घेतील तो ऐक.

आणि सकाळचीच गाडी धर. मी त्यांना तारीख दाखवली तेव्हापासून ते रोज खिडकी उघडून धुकं बघतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी दाराशी दोनच नावं घेईन. ते बोट तुझ्या कपाळाला लावतील. एवढं एक नाव मला एकदा तरी गाळायचं आहे.

तुझी आई